पहिल्या निवडीची पर्ल

...नाही हो, ती नाही, तिच्या पलीकडची — निळ्या जर्सीतली, उंच, वेणीवाली — हां, तीच पर्ल. यंदाच्या मुलींच्या बास्केटबॉल लीगमधली पहिली निवड! अख्ख्या बहरीनमधल्या आपल्या लोकांच्या पोरींतून पहिली. आणि निवडली कोणी? मी. मी शिरीष, निळ्यांचा कोच. मग इथे वर प्रेक्षकांत काय करतोय, असंच ना? हाकललं मला. अझहरनं, त्या रेफरीनं, तुम्ही यायच्या जरा आधी. खरं तर हॉलबाहेरच काढतात, पण माणूस भला आहे, म्हणाला वर बसा, खाली पाय ठेवलात तर मॅच खलास. बसा ना, बसा, मराठी ऐकायला तरी कोणी मिळालं.

तर पर्ल. उंची आहे, हात लांब, झेप बघाल तर बघतच राहाल — आणि करते काय? बॉल आला की दुसरीला देऊन टाकते! बास्केटखाली उभी, समोर कोणी नाही, तरी पास. बघा, बघा — दिला! अरे देवा. मी सलमाबादचं वर्कशॉप बंद करून तसाच ग्रीसच्या हातानं प्रॅक्टिसला यायचो आणि घसा बसेपर्यंत ओरडायचो — पर्ल, घुस आत, खांदा लाव, लागू दे लागलं तर! ती म्हणणार, "सॉरी कोच." सॉरी काय सॉरी? तिची आई ग्लेनिस, वसईची, इथे हॉस्पिटलात कामाला आहे, ती मला समजावते — सर, दुसरीला लागेल म्हणून घाबरते हो ती. पहिल्या निवडीनं असं घाबरून कसं चालेल? लोक माझ्या तोंडावर म्हणतात, शिरीष, पेटी बघून आंबे घेतलेस.

तुम्हाला आमचा ड्राफ्ट माहीत नसेल. सगळे कोच झिंज भागात अँड्र्यूच्या घरी बसतो — अँड्र्यू म्हणजे पिवळ्यांचा कोच — चिठ्ठ्या टाकतो, ज्याची चिठ्ठी आधी तो पोरगी आधी उचलतो. एक नियम आहे. कोचची स्वतःची मुलगी खेळत असेल आणि त्याला हवी असेल तर ती त्याच्याच टीमला, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. फक्त त्याची पहिली निवड तिच्यावर गेली असं धरायचं. चांगला नियम आहे, आमच्यातल्याच एका कोचनं, ताहिरनं, गेल्या वर्षी याच नियमानं स्वतःची मुलगी मुकाट घेतली. यंदा माझी चिठ्ठी पहिली निघाली आणि मी म्हणालो — पर्ल. सगळे बघायला लागले. अँड्र्यू म्हणाला, शिरीष, पक्का? म्हटलं पक्का. टीमचा विचार करायचा असतो ना? घरचं घरी.

हो, मला मुलगी आहे. सावनी. पिवळ्यांत खेळते, अगदी शेवटी घेतली तिला अँड्र्यूनं, बहुतेक माझ्याकडे बघूनच. त्या दिवशी घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं — मराठी सगळं कळतं तिला, बोलते मात्र इंग्लिशमध्ये — "बाबा, वॉज इट क्लोज?" म्हणजे, तिच्यात नि पर्लमध्ये थोडक्यात झालं का, की विचारच केला नाही मी. आपण सरळ माणूस. म्हटलं, नाही गं, क्लोज नव्हतं. खरं तेच सांगितलं! खोटं बोलायला हवं होतं का? अरुणा — आमची सौ. — म्हणते, हो, हवं होतं. तेव्हापासून सावनी हॉलवर येते ती ग्लेनिसच्या गाडीतून, पर्लच्या शेजारी बसून. मैत्रिणी आहेत दोघी. माझी गाडी रिकामी येते.

आज मात्र खेळली हो पर्ल! एकदाच, पण खेळली. बॉल घेतला, वळली, घुसली, खांदा लावला, समोरची उडाली बाजूला आणि बॉल आत. सीझनभर मी दुसरं काय मागत होतो? आणि समोरची कोण होती? सावनी. हातावर पडली. अझहरनं शिट्टी वाजवली नाही, बरोबरच होतं त्याचं, काही चुकलं नव्हतं पर्लचं. पण मी ओरडलो — फाउल, फाउल, आंधळा आहेस का! माझ्याच टीमवर फाउल मागत होतो मी, कळतंय ना? अझहरनं समज दिली. मी धावत कोर्टवर गेलो. मग काढलं. पर्ल रडायला लागली, म्हणाली, कोच, तुम्हीच सांगितलं होतं ना? आता परत पास, पास, पास.

काय? पर्ल चांगली की नाही? मला काय विचारता... अहो, ते सोडा. सावनी बघा, तिकडे बेंचवर, मनगट धरून बसलीय. अरुणा ऑफिसात, फोन उचलत नाही. मला खाली पाय ठेवता येत नाही. तुम्ही जाता का जरा? बोटं हलतात का बघा, सूज आलीय का विचारा. कोणी पाठवलं म्हणाली तर सांगा कोचनं — नाही, तिचा कोच मी नाहीच. वडिलांनी म्हणा... नको. नकोच. पाणी द्यायला आलो म्हणा. जा ना हो, यल्ला, माझ्याकडे काय बघत बसलात?