चिपळ्या निघाल्या सेव्हिलला

लंडनजवळच्या ल्यूटन विमानतळाच्या रांगेत मराठी कानी पडलं, तसे कीर्तनवेड्या अवधूतने कान टवकारले. पुढे रेखाताई होत्या आणि त्यांना सोडायला आलेली, इथेच जन्मलेली लेक ईशिता.

"आई, स्पेनला एकटी, तेही हॉस्टेलमध्ये! मला काळजी वाटते."

"अगं, तिकीट बसभाड्याएवढं. मनसोक्त हुंदडून येते!"

"आणि चिपळ्या कशाला? एकच बॅग अलाउड आहे."

"म्हणून तर सगळे स्वेटर अंगावर चढवलेत! उद्या एकादशी, सेव्हिलच्या चौकात कीर्तन करणार. तिथल्या बायकाही नाचताना चिपळ्याच वाजवतात म्हणे."

"पण तुझ्यामागे म्हणणार कोण? एकटी पडशील."

"पडते का बघूच. बोला, पुंडलिक वरदे..."

"हारि विठ्ठल!" अवधूतच्या तोंडून इतकं खणखणीत निघालं की अख्खी रांग वळली.

"ऐकलंस? अजून विमानात पाय नाही ठेवला! जा तू आता निवांत घरी."