एसटी डिप्रेशन

...पर मला काय बी झालेलं नाय! तुम्हीच सांगा, एकतीस वर्षं पैठण-संभाजीनगर एसटी चालवली, गाडीला एक ओरखडा नाय, अन् डेपोच्या तपासणीत छातीला गार गार चिकटपट्ट्या लावून मशीननं कागद काढला, तर त्याच्यावर इंग्रजीत काय? एसटी डिप्रेशन! आमच्या कंडक्टरनं, चांदपाशानं, मोठ्यानं वाचलं, "दादा, तुमना एसटी का डिप्रेशन होगया!" अहो, मशीनला कुणी सांगितलं मी एसटीत हाय? खाकी शर्ट तर काढून खुंटीला टांगला होता! ट्रॅव्हल्सवाल्याला लावलं असतं तर ट्रॅव्हल्स डिप्रेशन निघालं असतं का?

चांदपाशाच्या पोटात काय राहतंय... गाडी पैठणला लागायच्या आत बातमी पोचली. स्टँडासमोर फारूखचं कपड्याचं दुकान, गडी बी.कॉम. झालेला. म्हणतो, "मामू, डिप्रेशन मतलब मंदी. वो तो मेरे दुकान कू है, तुमना कायकू? तुम्हारी गाडी तो फुल जाती!" म्हणलं, व्हय ना बाबा, तेच सांगतोय सगळ्यांना, मला काय बी झालेलं नाय!

घरी गेलो तर लेकीनं फोनवर आईला तिसराच अर्थ सांगून ठेवलेला... मनाचा आजार असतो, बाबांना दुखवू नको. झालं! आमची आशाबाई, बत्तीस वर्षांत जिनं माझं एक ऐकून घेतलं नाय, तिला मी म्हणलं भाजी खारट झाली, तर म्हणती, "चुकलंच बघा माझं." तुम्हाला सांगतो, लई घाबरलो मी! फुलंब्रीहून मेव्हणा कारभारी आला, माझा हात हातात घेऊन म्हणतो, "दाजी, मन मोकळं करा, रडा." अरे, रडू कशाला? अकरा महिन्यांनी रिटायर व्हतोय, शेवटच्या फेरीला आशाबाईला पहिल्या सीटवर बसवून मी स्वतः गाडी पैठणला आणणार, शब्द दिलाय तिला! मला काय बी झालेलं नाय!

मंग डेपोच्या साहेबांनी हार्टच्या डॉक्टरकडं धाडलं. त्यानं पळत्या पट्ट्यावर मला पार दमवलं, अन् कागद दाखवून म्हणतो, "काका, ही तुमची बस नाही हो. एस आणि टी ही या रेघेवरची अक्षरं. त्यांच्यामधली रेघ खाली गेलीय. हृदयाला रक्त कमी पडतंय. छातीत दुखतं का कधी?"

दुखतं का म्हणं! आता तुम्हाला म्हणून सांगतो... वाटेत बिडकीन गाव सोडलं की कळ यायची. महिना झाला. कुणाला बोललो नव्हतो, आशाबाईला बी नाय. अन् त्या हातभर कागदानं चुगली केली! तरी मी ठणकावलं, "डॉक्टर, रोज पन्नास माणसं घेऊन जातो मी, मला काय बी..."

"पन्नास माणसं घेऊन जाता," तो म्हणाला, "म्हणूनच स्टेअरिंग बंद."

आता चौकशीच्या खिडकीत बसतो अन् माइकवर वरडतो, "पैठण गाडी तीन नंबरला लागलीय!" स्टेअरिंगवर दुसराच कुणी. आशाबाई पहिल्यासारखी भांडायला लागली, तेवढं बरं झालं. कालच म्हणली, "शेवटच्या दिवशी पहिल्या सीटवर दोघं बी बसू की!" म्हणलं, बसू. काय करता... डॉक्टरनं त्यातली एसटी तेवढी काढून घेतली, अन् डिप्रेशन माझ्यापाशी ठेवलं.