घमेल्यातले बुडबुडे

मंडळी, सरांच्या शोकसभेले बाळापूरहून, मूर्तिजापूरहून तुमी इतके जण आले. गेल्या तीन वर्षांत यातलं कोणी सरांच्या ओट्यावर फिरकलं नाई. मी बी नाई. म्हणून इथं बोलाले उभं राहाची लाज वाटून राहिली.

आत्ताच कोणी म्हणालं, सर लय मोठा माणूस होता. होता ना. मग त्या मोठ्या माणसाले पाहून बाजारात आपण तोंड कायले फिरवत होतो?

आपल्या बियाणे संस्थेचा मी सेक्रेटरी. कांद्याचं बी कागदी पुड्यांऐवजी नव्या प्लॅस्टिकच्या पाकिटात द्याचं ठरलं. पाकीट टिकते का, ते पाहाले मीच सरांकडे गेलो. शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस. त्यांनी जुन्या शिलाई मशीनच्या चाकावर यंत्र बनवलं. पाकिटात बी भराचं, खोक्याच्या फळीवर घासाचं, मग घमेल्यात पाण्याखाली दाबाचं. सायकलवाला ट्यूब दाबते तसं. बुडबुडा आला की पाकीट नापास.

पातळ पाकिटातून बुडबुडेच बुडबुडे. सर म्हणाले, फळी बाहेरून घासते, पण कांद्याचं बी कोरदार, ते आतून घासतं. जाड पाकीट घ्या.

पण पातळ माल गोदामात येऊन पडला होता. मी घाईत मागवला होता. मी म्हटलं, सर, रिकामं पाकीट घासून पाहा ना.

"रिकामं पाकीट कोणी विकत घेतं का, बापूराव?" ते म्हणाले आणि वर्गावर निघून गेले. यंत्राची खोली माझ्या भरवशावर उघडी ठेवून.

मी रिकामी पाकिटं घासली. फुगवून बुडवली. एक बुडबुडा नाई. कागदावर पास लिहिलं आणि खाली सरांचं नाव टाकलं. हे मी आज पहिल्यांदा सांगून राहिलो.

त्या कागदावर पातळ पाकिटातलं बी गावोगाव विकलं. पावसाळ्यात ओल आत गेली. बी उगवलं नाई. बाळापूरची एक माळीणबाई सरांच्या दारात आली, पाकीट त्यांच्या पायाशी टाकलं. म्हणाली, "मास्तर, तुमचं नाव ऐकून घेतलं होतं जी."

मागं गर्दीत मी उभा होतो. सरांनी माझ्याकडं पाहिलं. त्याइले सारं समजलं होतं. माझं नाव घेतलं असतं तर तिथंच सुटले असते.

"यंत्र माझंच आहे," इतकंच म्हणाले. पाकीट उचललं आणि आत गेले. त्या यंत्राले पुन्हा हात लावला नाई.

मले माफ करा, असं तुमाले म्हणत नाई. ज्याले म्हणाचं होतं तो गेला. सरांकडे आज जाऊ, उद्या जाऊ करत मी घरीच बसलो.

आता उठा. सरांसाठी दोन मिनिटं गप्प उभं राहू. मले ते जड जाणार नाई. तीन वर्षं मी तेच करून राहिलो.