मनवाने लावलेलं दार

हॅलो? … हां, बोल वैदेही. … ऑफिसात हळू बोलायचं ते ठीक गं, पण तुझ्या सासूला ऐकू यायला नको? … हां, आता येतंय.

सांगितलंस का पाळणाघराच्या बाईंना, सोमवारपासून मनवा येणार नाही म्हणून? … अजून नाही? … अगं ऐक ना, मी उगाच बोलत नाही. तुझी लेक तिथलं शिकून घरात आली की पहिलं दार लावते. म्हणते, आजी, दार उघडं ठेवलं की मुलं पळतात. कोण पळतंय? मी? या गुडघ्यांनी?

… हसू नकोस. तुझ्या माहेरी दादरला फ्लॅटमध्ये लावत असतील दारं. लालबागच्या चाळीत भरदिवसा दार लावतं कोण? भांडण झालेलं घर. समोरच्या कमलाने तेच मनात धरलं. दोनदा आली बिचारी तिसऱ्यांच्या कालवणाची वाटी घेऊन, दोनदा दार बंद. तेव्हापासून नळावर तोंड फिरवते.

… हो, हो, गेले होते सांगायला. तर म्हणते, "रमा, पोरीवर कशाला ढकलतेस?" मग मीही बोलले चार शब्द. … अगं, लग्न होऊन आले तेव्हापासूनची मैत्रीण ती. घास उतरत नाही माझ्या घशाखाली.

… थांब, थांब. मनवा, काय चाललंय? … वैदेही, हिने कमलाला हाताला धरून आणलंय. … हो ना, वाटीसकट. … आता आम्हाला चटईवर बसवतेय, समोरासमोर. भांडलेल्या मुलांनी हात धरून बसायचं, डबा वाटून खायचा, मगच खेळायला सोडणार. पाळणाघरात असंच असतं म्हणे. … ये गो कमला, बस. गुडघा सांभाळ.

… अगं बाई, बाहेरून कडी घातली. … तिचा कुठला हात पोचायला? तुझ्या सासऱ्यांनी घालून दिली. फितूर मेले. गॅलरीत उभे राहून हसतायत.

… कमला, रडतेस काय अशी? … मी कुठे रडतेय? … तुला नाही गं वैदेही. … नको, नको, कडी काढायला कुणाला सांगू नकोस. सकाळच्या भाकऱ्या आहेत.

… आणि ऐक, त्या बाईंना फोन करू नकोस. … सोमवारी? मी स्वतः सोडते तिला. … का म्हणजे? कामं नाहीत का तुला? … बरं, ठेवते. डबा खाताना फोनवर बोलायचं नाही, असं दाराबाहेरून दटावतेय मला.