कच्चा टाका

सावली गावच्या बसथांब्यावर भगवान मास्तर एक पाय अनवाणी ठेवून चप्पल शिवून मिळायची वाट पाहत बसले होते. तेवढ्यात एका बाईनं बैलाच्या गळ्यातला तुटका चामडी पट्टा जोडे शिवणाऱ्या पत्रूपुढे टाकला.

"कच्चा टाका मारा, भाऊ. बाजारात नेऊन विकेपर्यंत टिकला म्हणजे झालं."

"हा तं मीच शिवला होता. डोमाभाऊले वाघानं नेलं, आता बैलबी विकता, बाई?"

"झाडाले बांधला होता. वाघ दिसला तसा पट्टा तोडून घरी पळाला बेइमान. मालकाले तिथीच सोडून."

"तोडून?"

"नाई तं काय! पोटच्या पोरावानी पोसला होता त्यायनं."

"बाई, ओढून तुटलेलं चामडं लांबते, त्याचे धागे निंघते. हे पाहा, एका घावात कापलं हाय."

"वाघाचा दात लागला असन."

"दात भोकं पाडते. असं माही रापी कापते, नाईतर विळा. विळा होता का डोमाभाऊपाशी?"

"हातातच होता. मूठ उघडली नाई, भाऊ. विळ्यासंगच जाळलं."

"आन् ते झाड? चढाले अवघड होतं?"

"लहान पोरगंबी चढन."

मास्तरांची बस आली आणि गेली. पत्रूनं दोऱ्याला मेण लावलं, आरी उचलली.

"मंग, कच्चाच मारू?"

"पक्का मारा. आन् लवकर करा, भाऊ. सकाळपासून त्याले पाणी नाई दाखवलं मी."