टोकाचे चार दिवे

(मोठ्या घराचं अंगण. नुकतीच दिवेलागण झाली आहे.)

वायरमन : हे बघा दादा, घराजवळचे दिवे झकास. पण बागेच्या टोकाला, धाकट्या भाऊंच्या खोलीपाशी शेवटचे चार नुसते मिणमिणतायत.

दादा : अहो, बाकीचे राहू देत, तेच तर हवे होते मला!

वायरमन : माझंच चुकलं. बारा व्होल्टची बॅटरी आणि चारशे फूट वायर. टोकाला पोचेपर्यंत करंट दमतो बिचारा.

दादा : आता तो म्हणणार, मुद्दाम केलं. स्वतःच्या दारात लखलखाट आणि भावाच्या पायरीशी अंधार.

वायरमन : असं कसं म्हणतील? बोला की त्यांच्याशी.

दादा : नऊ वर्षं बोलत नाही आम्ही. एका आवारात राहून! कशावरून बिनसलं, तेही आता धड आठवत नाही.

वायरमन : मग हा दिव्यांचा घाट कशाला घातलात?

दादा : गेल्या महिन्यात त्या पायरीवरून पडला तो. तासभर अंधारात तसाच पडून होता. मला कळलं दुसऱ्या दिवशी, तेही दूधवाल्याकडून. सख्खा भाऊ मी! लाज वाटली हो.

वायरमन : उपाय आहे. बॅटरी तुमच्या घरातून हलवून त्यांच्या ओसरीत ठेवू. तिथले दिवे लख्ख होतील. मिणमिणतील ते तुमच्या दारातले.

दादा : मिणमिणू देत. माझ्या दारात खिडकीचा उजेड पडतोच. पण तो ठेवू देईल तर ना! पक्का अडेलतट्टू आहे.

वायरमन : आणि तुम्ही अगदी गरीब गाय!

दादा : हसा, हसा.

वायरमन : मघाशीच विचारून आलोय मी. म्हणाले, "कोणी पाठवलं?" म्हटलं, थोरल्यांनी. मग म्हणाले, "खुर्ची सरकवतो. कोपरा मोकळा होईल."

दादा : सरकवतो म्हणाला?

वायरमन : सरकवलीसुद्धा, लंगडत लंगडत. एकच कटकट आहे. या बॅटरीत दर महिन्याला पाणी बघावं लागतं, उतरलं तर घालावं लागतं. त्यांना काही वाकता येणार नाही. पाणी न लागणारी बॅटरी मिळते, उद्या तीच आणतो. म्हणजे कोणाला तिकडे फिरकायलाच नको.

दादा : नको, नको. हीच राहू दे. पाणी कसं घालायचं, तेवढं मला शिकवून ठेवा.