शाल कंपनीच्या खांद्यावर

ईमेलचं नाव काढू नका आबा, अजून डोकं फिरतं माझं. फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडायचे दिवस ते. बारामतीच्या आमच्या कॉलेजात मी जुन्या कॉम्प्युटरवर फुकटातलं लिनक्स घालून ईमेल चालू केला हुता. इंदापूरच्या शाखेला रोज पत्रं जायची. पण प्राचार्यांना पुण्याची कंपनीच पाहिजे. म्हणायचे, "फुकटाला किंमत नसते हो."

कंपनीच्या ईमेलचं उद्घाटन कॉम्प्युटरच्याच खोलीत ठेवलं. नारळ फुटला, इंदापूरला पहिलं पत्र धाडायला पाहुण्यांनी बटण दाबलं आणि कंपनीच्या पुण्यातल्या मशीनची लाईनच लागंना! कंपनीवाला माझ्या कानाशी येऊन म्हणतो, "सर, तुमच्या मशीनवरून जाऊ द्या ना, कॉलेजच्या अब्रूचा प्रश्न आहे." दिलं पाठवून. थोड्या वेळानं इंदापूरहून ऑफिसात फोन आला, "पत्र पोचलं!" टाळ्याच टाळ्या. आणि शाल-श्रीफळ कुणाला? कंपनीवाल्याला! त्या बिनलाज्यानं घेतलं बी!

वर प्राचार्य सगळ्यांदेखत मला म्हणतात, "बघितलंत? आता तरी तुमचं ते डबडं बंद करा."

मी तिथंच वायर उपटली. म्हटलं, "व्हय साहेब, केलं बंद. आता आभाराचं पत्र पाठवा इंदापूरला!"